बीटा, नाइटली आणि ॲड-ऑन: जुनं शाबूत ठेवून नवी आवृत्ती कशी वापरून बघायची

फायरफॉक्स या ब्राउझरची डेव्हलपर एडिशन किंवा ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामची रोजची बिल्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कोडवरून तयार केलेली प्रत, वापरून बघायची तर संगणकावरचं आत्ताचं काहीही काढावं लागत नाही. एवढी गोष्ट माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण नव्या आवृत्त्यांच्या वाटेलाच जात नाहीत. जे जातात त्यातले बरेच जण जुनं अनइन्स्टॉल करून नवं बसवतात आणि मग टूलबार कुठे गेला, ॲड-ऑन (प्रोग्रामला वरून जोडलेली छोटी सोय) का बंद पडलं, कालची फाइल का उघडत नाही, अशा चौकश्या करत फिरतात.

आजवर फक्त पक्की, म्हणजे चाचणी होऊन सगळ्यांसाठी आलेली, आवृत्ती वापरलेल्यांसाठी हा लेख आहे. सगळा क्रम एकाच नियमावर बेतलाय: परत यायची सोय आधी, नवी आवृत्ती नंतर. आणखी एक सल्ला, कुठलाही एकच प्रोग्राम निवडा, आणि तोही रोजच्या वापरातला. जो प्रोग्राम तुम्ही वर्षातून दोनदा उघडता त्यात काय बदललं, काय बिघडलं, हे तुम्हाला कळणारच नाही.

नावं आणि आकडे वाचायला शिका

फायरफॉक्सची पक्की आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते. तिच्या मागे दोन रांगा असतात. नाइटली दिवसातून दोनदा तयार होते, तिच्यातलं काम पुढे बीटात जातं आणि बीटातून पक्क्या आवृत्तीत. म्हणजे पक्की 140 असेल तेव्हा बीटा 141 आणि नाइटली 142. डेव्हलपर एडिशनच्या नावाने दबून जाऊ नका. ती बीटाच्याच कोडवर बनते, फक्त वेबसाइट बनवणाऱ्यांच्या सोयीची काही सेटिंग आधीपासून चालू असतात. ईएसआर ही दीर्घकाळ आधाराची आवृत्ती म्हणजे उलटं टोक: साधारण वर्षभर सोयी आहेत तशाच, फक्त सुरक्षेच्या आणि महत्त्वाच्या दुरुस्त्या.

लिब्रेऑफिस (लेखन, तक्ते यांसाठीचा ऑफिस-संच) वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या आसपास मोठी आवृत्ती काढतं. 2024 पासून त्यांचे क्रमांक वर्ष आणि महिन्यावरून येतात: 24.2, 24.8, 25.2. यात तिसरा आकडा बघायची सवय लावून घ्या. 25.2.0 म्हणजे अगदी ताजी, 25.2.4 म्हणजे त्यानंतर चार वेळा डागडुजी झालेली. ज्याला फक्त काम करायचंय आणि शोध घ्यायचा नाही, त्याने शून्याला हात न लावलेला बरा.

गिंप या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रामचा हिशेब वेगळा. 2.10 एप्रिल 2018 ची, 3.0 मार्च 2025 ची. मधल्या काळात 2.99 या क्रमांकाने चाचणीच्या आवृत्त्या निघत होत्या. आकडा 3 च्या जवळचा दिसतो म्हणून कुणी ती पक्की समजून बसवली असेल, तर तो गैरसमज होता.

नवख्या माणसाने बीटा किंवा आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, यापासून सुरुवात करावी. नाइटली आज चालेल, उद्या उघडणार नाही, परवा पुन्हा चालेल. एखाद्या ठरावीक बिघाडाच्या मागे असाल तरच तिचा उपयोग.

बसवण्याआधी रिलीज नोट्स वाचा. नव्या सोयींची यादी वरवर वाचली तरी चालेल. नीट वाचायच्या त्या दोन गोष्टी: काय काढून टाकलंय आणि कुठल्या सिस्टिमवर चालतं. विंडोज 7 आणि 8 साठी फायरफॉक्स 115 ही शेवटची ओळ ठरली, 116 पासून विंडोज 10 किंवा त्यापुढचं लागतं. गिंप 3.0 मध्ये पायथन 2 या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले जुने प्लगइन (जोड-प्रोग्राम) चालत नाहीत. तुमचं अर्धं काम अशा एखाद्या प्लगइनवर चालत असेल, तर ही एक ओळ बाकी सगळ्या नोट्सपेक्षा मोलाची आहे.

कुठून घ्यायचं

प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरूनच. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. 2022 मध्ये गिंपच्या नावाने अशी जाहिरात सर्चमध्ये झळकली होती आणि क्लिक केल्यावर हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइटवरून माहिती चोरणारा प्रोग्राम उतरत होता. पत्ता स्वतः टाइप करा किंवा बुकमार्क करून ठेवा.

डाउनलोडच्या पानावर बहुधा एसएचए-256 चा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेली ठशासारखी आकडे-अक्षरांची ओळ, दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलचा चेकसम काढून तो जुळतोय का ते बघायला मिनिटही लागत नाही. विंडोजवर पॉवरशेलमध्ये त्यासाठी तयार आज्ञा आहे, लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलमध्ये. मात्र चेकसम जुळला म्हणजे फाइल वाटेत बदललेली नाही, एवढंच कळतं. फाइल मुळातच चांगली आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

याचं ठळक उदाहरण म्हणजे एक्सझेड. हे फाइल दाबून लहान करणारं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या अधिकृत संचातच कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. त्या डेबियन अनस्टेबल आणि फेडोरा रॉहाइड अशा चाचणीच्या ओळींपर्यंत पोचल्या होत्या, डेबियनच्या पक्क्या आवृत्तीपर्यंत नाही. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या डेबियनवर दूरस्थ लॉगिन नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं. तो खोदत गेला आणि 29 मार्च 2024 ला त्याने ही गोष्ट उघड केली. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. नवं म्हणजे जास्त सुरक्षित असं गृहीत धरू नका, चाचणी करणाऱ्यांपर्यंत चांगलं-वाईट सगळं आधी पोचतं. आणि 'आज जरा हळू वाटतंय' ही नोंद क्षुल्लक नसते.

म्हणूनच बँकेचे व्यवहार, पासवर्डचा साठा आणि कामाच्या फायली चाचणीच्या आवृत्तीत नेऊ नका.

परत यायची सोय

प्रत्येक प्रोग्रामचे दोन भाग असतात: खुद्द प्रोग्राम, आणि तुमची सेटिंग, बुकमार्क, ॲड-ऑन, इतिहास ठेवणारं फोल्डर, म्हणजे प्रोफाइल. प्रोग्राम पुन्हा उतरवता येतो. प्रोफाइल गेलं की गेलं. नव्या आवृत्तीने जुनं प्रोफाइल उघडलं की ती त्याची रचना बदलू शकते, आणि मग जुनी आवृत्ती त्याला ओळखत नाही. फायरफॉक्सने 67 पासून, म्हणजे 2019 पासून, यावर दोन उपाय केले. वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसवलेल्या प्रतींना वेगवेगळं प्रोफाइल मिळतं. आणि नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनीत उघडायला गेलात तर ती थांबवते आणि नवीन प्रोफाइल बनवायला सांगते.

फायरफॉक्ससाठी क्रम असा:

1. अबाउट, मग कोलन, मग सपोर्ट असं इंग्रजीत जागा न सोडता ॲड्रेसच्या पट्टीत टाइप करा. उघडलेल्या पानावर प्रोफाइलचं फोल्डर उघडायचं बटण असतं. ते उघडून फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा.
2. डेव्हलपर एडिशन किंवा नाइटली बसवा. या दोन्ही आपापल्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतात, नेहमीच्या फायरफॉक्सला धक्का लावत नाहीत. साधी बीटा बसवत असाल तर इन्स्टॉलरमध्ये कस्टम निवडून फोल्डर स्वतः वेगळं द्या, नाहीतर ती पक्क्या आवृत्तीच्या जागी जाऊन बसण्याचा धोका असतो.
3. नवी आवृत्ती सुरू केल्यावर पुन्हा अबाउट कोलन सपोर्ट उघडून प्रोफाइलचा मार्ग पहिल्यापेक्षा वेगळा आहे ना, ते बघा.
4. नव्या प्रतीत थीम गडद किंवा भडक करा. दोन खिडक्या शेजारी उघड्या असताना कुठली कुठली हे कळायला हवं.
5. नेहमीच्या खात्याने सिंक, म्हणजे सगळ्या उपकरणांवर एकच माहिती ठेवणारी सोय, चालू करू नका. सिंक हा बॅकअप नव्हे. चाचणीच्या प्रतीत पुसलेला बुकमार्क सगळीकडून पुसला जातो.

बाकीच्या प्रोग्रामांच्या खोडी वेगवेगळ्या. लिब्रेऑफिसच्या अल्फा, बीटा आणि रोजच्या बिल्ड 'लिब्रेऑफिस डेव्ह' या नावाने शेजारी बसतात, त्यांचं प्रोफाइलही वेगळं. पण आरसी मात्र बसवलेल्या पक्क्या आवृत्तीच्या जागीच येते. सेटिंगचं फोल्डर तर लिब्रेऑफिसने कधीपासून '4' याच आकड्याखाली ठेवलंय, आवृत्ती कितीही पुढे गेली तरी. तेव्हा आरसी बसवायच्या आधी त्यातल्या 'यूजर' फोल्डरची प्रत काढा. लिनक्सवाल्यांना ॲपइमेजचा सोपा मार्ग आहे: एकच फाइल, चालवायची आणि नको झाली की पुसायची.

ब्लेंडर सगळ्यांत समजूतदार. झिप उतरवा, उलगडा, चालवा. सेटिंगसुद्धा आवृत्तीनुसार वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. पाच आवृत्त्या एका वेळी ठेवल्यात तरी त्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत.

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामच्या बाबतीत मात्र खरंच जपा. चाचणीच्या प्रोफाइलमध्ये मेलचं खातं पीओपी या पद्धतीने जोडलंत आणि 'मेसेज सर्व्हरवर राहू द्या' ही खूण नसेल, तर तुमची नवी पत्रं चाचणीच्या प्रतीत उतरतील आणि सर्व्हरवरून जातील. आयमॅप या दुसऱ्या पद्धतीत पत्रं सर्व्हरवरच राहतात, पण इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. एखादं रिकामं, बिनमहत्त्वाचं खातं जोडून बघा.

आता फायलींचं. ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या प्रोग्रामच्या 3.0 मध्ये, मार्च 2021 ला, प्रकल्पाचा साठवण्याचा प्रकारच बदलला: आधीच्या फाइल आणि सोबतच्या फोल्डरऐवजी एयूपी3 ही एकच फाइल. नवी ऑडॅसिटी जुने प्रकल्प उघडते, पण एयूपी3 जुन्या ऑडॅसिटीत उघडत नाही. गिंप 3.0 मध्ये नवे फिल्टर-इफेक्ट वापरून साठवलेली एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची फाइल, 2.10 मध्ये तशीच उघडेल याचा भरवसा नाही. म्हणून चाचणी नेहमी फाइलच्या प्रतीवर करायची, आणि त्या प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. मूळ फाइल उघडून 'सेव्ह ॲज' करू असं मनात असतं, पण हात सवयीने कंट्रोल-एसवर जातो.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, वापरता येत असेल तर वरच्या बऱ्याच काळज्या संपतात: स्नॅपशॉट घ्या (त्या क्षणाची स्थिती साठवा), हवं ते करा, मागे जा. मात्र ग्राफिक्स किंवा आवाजाची चाचणी तिथे विश्वासाची नसते.

ॲड-ऑन

ॲड-ऑन आकाराने लहान असतात म्हणून लोक त्यांना हलक्यात घेतात. प्रत्यक्षात 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी दिलेलं ॲड-ऑन तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतं. अपडेटमध्ये नवी परवानगी हवी असेल तर फायरफॉक्स आधी विचारतो, क्रोम तर तुम्ही मान्य करेपर्यंत ते एक्स्टेन्शन (क्रोममधलं ॲड-ऑन) बंद ठेवतो. त्या वेळी 'ओके' न दाबता स्वतःला विचारा: या ॲड-ऑनच्या कामाला ही परवानगी कशाला लागते? उत्तर रिलीज नोट्समध्ये सापडायला हवं. सापडत नसेल तर थांबा.

ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. द ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेल्या टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन ओपन सोर्स होतं आणि लोकप्रियही. 2020 मध्ये ते दुसऱ्याच्या हातात गेलं. पुढे स्टोअरवर आलेल्या आवृत्तीतला कोड आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा कोड यांचा मेळ बसेना, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. मालक बदलल्याची बातमी कळली की मी आधी त्या ॲड-ऑनचं स्वयंचलित अपडेट बंद करतो आणि मग विचार करतो.

चाचणीसाठी आधी नेहमीच्या प्रोफाइलमध्ये त्या ॲड-ऑनची सेटिंग फाइलमध्ये निर्यात करून घ्या. यूब्लॉक ओरिजिनसारख्या ॲड-ऑनमध्ये त्याचं बटणच असतं. मग चाचणीच्या प्रोफाइलमध्ये बीटा बसवा. बरेच लेखक बीटाची एक्सपीआय, म्हणजे ॲड-ऑनची, फाइल गिटहबच्या रिलीज पानावर ठेवतात. तिच्यावर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची डिजिटल सही असेल तर ती पक्क्या फायरफॉक्समध्येही बसते. सही नसेल तर दोन वाटा. नाइटली, डेव्हलपर एडिशन किंवा ईएसआरमध्ये सहीची सक्ती सेटिंगमधून काढता येते. किंवा अबाउट कोलन डीबगिंग या पानावरून ॲड-ऑन तात्पुरतं चढवायचं, ते फायरफॉक्स बंद केलं की आपोआप जातं. नवख्यांसाठी दुसरी वाट चांगली, कारण मागे काही उरत नाही.

क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून उलगडलेलं फोल्डर चढवता येतं. ते चालतं त्या फोल्डरमधूनच, तेव्हा डाउनलोड साफ करताना ते उडवू नका. आणि ही प्रत क्रोमच्या लेखी सहसा वेगळं एक्स्टेन्शन असते, त्यामुळे स्टोअरवरून घेतलेल्या प्रतीतली सेटिंग इथे दिसत नाहीत. हा बिघाड नव्हे.

जुन्या आवृत्तीवर परतायचं असेल तर फायरफॉक्समध्ये नवं ॲड-ऑन 'काढून' टाकू नका. काढलं की त्याचा साठवलेला डेटाही जातो. मोझिलाच्या ॲड-ऑन साइटवर प्रत्येक ॲड-ऑनच्या जुन्या आवृत्त्यांची यादी असते, तिथून हवी ती वरूनच बसवा आणि लगेच त्या ॲड-ऑनचं स्वयंचलित अपडेट बंद करा. नाहीतर फायरफॉक्स निमूटपणे पुन्हा नवी आणून बसवेल, आणि परतल्यावरही बिघाड तसाच दिसल्याने तुम्ही भलत्याच ठिकाणी कारण शोधत बसाल.

कधी कधी दोष ना तुमचा असतो, ना ॲड-ऑनचा. मे 2019 मध्ये ॲड-ऑनवरची सही पडताळणाऱ्या मोझिलाच्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन एकाएकी बंद झाली. घाईघाईने ॲड-ऑन काढून पुन्हा बसवू पाहणाऱ्यांची सेटिंग हकनाक गेली, थांबलेल्यांची दुरुस्ती आल्यावर परत चालू झाली.

तपासायचं काय

सगळे मेनू उघडून बघणं म्हणजे चाचणी नव्हे. रोजचं एखादं काम प्रतीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. वीस पानांचा दस्तऐवज जुन्या आणि नव्या रायटरमध्ये (लिब्रेऑफिसचा लेखनाचा प्रोग्राम) उघडून पानांची संख्या जुळते का, तक्ता त्याच पानावर तुटतो का, एवढं पाहिलंत तरी पुष्कळ.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या नजरेला काही गोष्टी पडतात ज्या बाकीच्यांना दिसतच नाहीत. जोडाक्षराच्या मध्ये कर्सर कुठे थांबतो आणि बॅकस्पेस एका दाबात किती खातो, ते बघा. पीडीएफ बनवून त्यातला परिच्छेद परत कॉपी करा, ऱ्हस्व इकार भलत्या जागी जातात का? भाषा मराठी निवडल्यावर, फाँटमध्ये सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का? मात्र एक जुना सापळा माहीत हवा. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, कुणाच्या कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ने, कुणाच्या साध्या र आणि अदृश्य जोडचिन्हाने. दिसायला दोन्ही सारखे, पण आतले कोड वेगळे. 'ॲ'चंही तेच, हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये 2008 ला आलं, त्याआधीच्या मजकुरात ते जोडून बनवलेलं असतं. त्यामुळे शोधात शब्द सापडला नाही तर आधी तोच शब्द दस्तऐवजातून कॉपी करून शोधा. तसा सापडला तर नव्या आवृत्तीने काही बिघडवलेलं नाही.

बिघाड सापडला तर

आधी तो नव्या, रिकाम्या प्रोफाइलमध्येही होतो का ते बघा. फायरफॉक्सच्या मदत मेनूत ट्रबलशूट मोड आहे, लिब्रेऑफिसमध्ये सेफ मोड. तिथे बिघाड नाहीसा झाला तर संशय ॲड-ऑनवर किंवा सेटिंगवर. मग अर्धी ॲड-ऑन बंद करा, बिघाड राहिला तर उरलेल्यांतली अर्धी बंद करा, असं करत दोषी गाठा.

मग जुन्या आवृत्तीत तोच प्रयोग. जुनीत चालतं आणि नवीत नाही, अशा बिघाडाला रिग्रेशन म्हणतात, आणि विकासक त्याकडे जास्त गांभीर्याने बघतात. फायरफॉक्ससाठी मोझरिग्रेशन नावाचं साधन आहे. ते चांगल्या आणि बिघडलेल्या तारखेच्या मधल्या बिल्ड स्वतः उतरवून चालवतं, तुम्ही फक्त 'चालतंय' किंवा 'नाही' एवढं सांगायचं. दर वेळी निम्म्या तारखा गळतात, त्यामुळे महिन्याभराच्या रोजच्या बिल्डमधून नेमका दिवस शोधायला पाचेक फेऱ्या पुरतात. कोड न येणाऱ्या माणसाला करता येण्यासारखी याहून मोठी मदत माझ्या तरी माहितीत नाही.

तक्रार इंग्रजीत लिहावी लागते, पण साधी वाक्यं चालतात. 'पीडीएफ नीट येत नाही' अशा शीर्षकाची तक्रार कुणी उघडत नाही. समजा बिघाड पीडीएफचाच आहे, तर शीर्षक असं हवं: 'रायटर, पीडीएफ निर्यात: तक्त्याच्या शीर्षक-ओळीतला देवनागरी मजकूर दुसऱ्या पानावर गायब'. खाली पायऱ्या: सोबतची फाइल उघडा, फाइल मेनूतून पीडीएफ निर्यात करा, दुसरं पान बघा. मग काय अपेक्षित होतं, काय झालं, पूर्ण आवृत्ती क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, आणि कुठल्या जुन्या आवृत्तीत चालत होतं. एका तक्रारीत एकच बिघाड. जोडलेली फाइल कुणालाही दिसते, तेव्हा कामाचा खरा दस्तऐवज न देता चार ओळींची बनवलेली फाइल द्या. तशी बनवताना निम्म्या वेळा कारणही सापडतं. आणि लिहिण्याआधी तोच बिघाड कुणी नोंदवलाय का ते शोधा. असेल तर 'मलाही' लिहून गर्दी करू नका, तुमची सिस्टिम वेगळी असेल तर तेवढी माहिती जोडा.

नोंदवून झालं की ईमेलवर लक्ष ठेवा. विकासक उलट प्रश्न विचारतात, बगझिला या तक्रारी नोंदवायच्या साइटवर त्याला 'नीडइन्फो'ची खूण लागते, आणि उत्तर आलं नाही तर तक्रार काही काळाने अपुरी म्हणून बंद होते. दुरुस्ती झाल्यावर कुठल्या आवृत्तीत गेली तेही तिथेच लिहून येतं. त्यानंतरची रोजची बिल्ड उतरवा, त्याच चार ओळींच्या फाइलवर तोच प्रयोग करा, आणि चालत असेल तर बिल्डच्या तारखेसह तसं एका ओळीत लिहून टाका.